आज सरवा कोठे वेचलास? दैनंदिन जीवनात देवाची कृपादृष्टी ओळखण्याची रीत

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत साक्षीच्या वेळी ‘प्रभूची कृपा झाली’ हे शब्द बहुधा ठरावीक प्रसंगांच्या संदर्भातच ऐकू येतात. मुलाला नोकरी लागली, व्हिसा मिळाला, शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली, अडलेला प्लॉटचा व्यवहार मार्गी लागला, मुलीचे लग्न ठरले. यांपैकी प्रत्येक गोष्टीसाठी देवाचे आभार मानले पाहिजेत, यात शंका नाही. परंतु एका घरात अशा घटना वर्षातून एखाद-दुसऱ्याच घडतात. बाकीचे दिवस डबे भरण्यात, लोकल गाठण्यात, आजारी सासूबाईंना वेळेवर औषध देण्यात आणि महिनाअखेरची तोंडमिळवणी करण्यात जातात. त्या दिवसांत देवाची कृपादृष्टी आपल्यावर होती काय, आणि होती तर ती कोठे दिसली, असे कोणी विचारले की जुनेजाणते विश्वासणारेही घुटमळतात. ती ओळखण्याची सवय मात्र लावून घेता येते. त्यासाठी दर्शनाची किंवा संदेशाच्या विशेष कृपादानाची गरज नाही. पवित्र शास्त्र, एक साधी वही आणि रात्रीची दहा-पंधरा मिनिटे एवढ्यावर आरंभ करता येतो.

आधी मोजमाप तपासावे

वही उघडण्यापूर्वी उत्पत्तीचा 39 वा अध्याय सलग वाचावा, शक्य असल्यास मोठ्याने. योसेफाला त्याच्या भावांनी विकले आहे. अध्यायाच्या आरंभी तो मिसर देशात पोटीफराच्या घरी गुलाम आहे आणि अध्याय संपतो तेव्हा, काहीही गुन्हा नसताना, तुरुंगात आहे. परमेश्वर योसेफाबरोबर होता, हे विधान या एकाच अध्यायात चार वेळा येते आणि त्यांतील दोन वेळा ते योसेफ तुरुंगात पडल्यानंतर येते. दोन अध्यायांनंतर योसेफ मिसरचा राजा फारो याच्या दरबारात मानाने उभा राहतो. तेथे हे विधान आले असते तर आपल्याला ते सहज पटले असते. येथे ते बंदिवासाच्या वर्णनात आले आहे. तुरुंगाच्या अधिकाऱ्याची योसेफावर मर्जी बसली हेही तेथे सांगितले आहे, पण त्या मर्जीने तो सुटला नाही. तेथेच बंदीत असलेल्या प्यालेबरदाराच्या, म्हणजे राजाला प्याला देणाऱ्या सेवकाच्या, स्वप्नाचा अर्थ सांगितल्यानंतरही आणखी दोन वर्षे तो आतच राहिला.

मरीयेचा प्रसंगही याच दृष्टीने वाचावा. तिच्यावर देवाची कृपा झाली आहे असे गब्रीएल देवदूताने तिला सांगितले. त्यानंतर तिच्या वाट्याला काय आले, हे लूक आणि मत्तय यांची शुभवर्तमाने शेजारी शेजारी ठेवून पाहावे: परगावी झालेले बाळंतपण, बाळ गव्हाणीत, लेकराला घेऊन रातोरात मिसर देशाकडे पलायन, आणि मंदिरात वृद्ध शिमोनाने उच्चारलेले ते शब्द, की तिच्या स्वतःच्याही जिवातून तलवार भोसकून जाईल.

म्हणून गोष्ट आपल्या मनासारखी झाली की नाही, यावरून कृपादृष्टीचे माप काढू नये. त्या गोष्टीत देव आपल्याबरोबर होता याची खूण कोठे दिसली, ते शोधावे. हल्ली काही सभांमधून अशी शिकवण दिली जाते की अमुक इतके दान ‘बीज’ म्हणून पेरले की देव घर, गाडी आणि बढती देतो. ही शिकवण मला घातक वाटते, आणि हे मी पूर्ण विचाराअंती लिहीत आहे. ऐपत नसताना तसे दान देणाऱ्या कुटुंबाच्या हाती काही आले नाही म्हणजे ते कुटुंब त्या वक्त्याला जाब विचारीत नाही. आपलाच विश्वास कमी पडला किंवा देवाने आपल्याला टाकले, असे मानून ते खचते आणि हळूहळू उपासनेला येणेही सोडते. स्वर्गीय पिता आपला सूर्य दुष्टांवर आणि चांगल्यांवर सारखाच उगवतो, असे प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात स्पष्ट सांगितले आहे. ज्या देवाचा पाऊस मागितल्याशिवाय पडतो, त्याची मर्जी पैसे मोजून मिळवण्याचा विचारही मनाला शिवू नये.

नामीचा प्रश्न

रोजच्या दिवसात कृपादृष्टी कशी ओळखावी याचा सर्वांत स्पष्ट पाठ मला रूथच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात सापडतो, म्हणून त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. नामी मवाब देशातून बेथलेहेमास परतली तेव्हा तिचा पती आणि दोन्ही मुलगे मरण पावलेले होते. गावातल्या बायका तिला ओळखून पुढे आल्या, तेव्हा ती त्यांना म्हणाली की मी भरलेली गेले होते आणि परमेश्वराने मला रिकामी परत आणले. तिने आपले दुःख लपवले नाही, आणि शास्त्रानेही त्यासाठी तिला दोष दिलेला नाही.

सातूच्या हंगामाचा तो आरंभ होता. नामीची सून रूथ सासूची परवानगी घेऊन सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसे, वेचायला निघाली आणि, शास्त्र सांगते त्याप्रमाणे, सहजच बवाजाच्या शेतात जाऊन पोहोचली. तेथे आकाशवाणी झाली नाही, देवदूत आला नाही. एका शेतमालकाने एका परक्या मुलीची चौकशी केली, गड्यांना तिच्या अंगाला हात लावू नका असे बजावले, तहान लागल्यावर त्यांच्या घागरींतले पाणी पिण्याची तिला मुभा दिली, जेवणाच्या वेळी हुरडा दिला, आणि पेंढ्यांतून थोडी कणसे मुद्दाम काढून तिच्यासाठी मागे टाका असे गड्यांना सांगितले. संध्याकाळी तिने वेचलेले झोडले तेव्हा सुमारे एक एफा, म्हणजे अंदाजे 22 लीटर मापाचे सातू निघाले. शिवाय पोटभर खाऊन उरलेला हुरडाही तिने सासूसाठी जपून आणला होता.

आता नामी काय करते ते पाहावे. ती धान्य पाहते आणि प्रथम विचारते, ‘आज सरवा कोठे वेचलास? काम कोठे केलेस?’ उत्तर ऐकण्यापूर्वीच, ज्याने तुझा समाचार घेतला त्याचे कल्याण होवो, असे ती म्हणते. बवाजाचे नाव कानांवर पडल्यानंतर ती परमेश्वराचे नाव घेते आणि जिवंतांवर व मेलेल्यांवर दया करण्याचे त्याने सोडलेले नाही, अशी कबुली देते. ज्या तोंडाने तिने स्वतःला रिकामी म्हटले होते, त्याच तोंडून हे शब्द निघतात. तिचे मुलगे परत आले नव्हते आणि उद्याची चिंताही मिटलेली नव्हती. फक्त त्या दिवसाचे धान्य तिच्यासमोर होते.

या अध्यायात कृपादृष्टी ओळखण्याचा क्रम जसाच्या तसा मांडलेला आहे. आधी हाती आलेली वस्तू पाहायची, मग ती कोठून आणि कोणाच्या हातून आली ते विचारायचे, त्या माणसाला आशीर्वाद द्यायचा आणि मग त्याच्या पलीकडे पाहून देवाचे नाव घ्यायचे. आपण पुष्कळदा मधला टप्पा गाळतो. ‘देवाने दिले’ असे घाईने म्हणून मोकळे होतो आणि ज्याच्या हातून दिले त्या माणसाची आठवणही ठेवत नाही. बवाजाने जे केले त्याच्यामागे नियमशास्त्र होते: शेताच्या कानाकोपऱ्यातले पीक कापू नये आणि पडलेला सरवा गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावा, अशी आज्ञा लेवीयच्या 19 व्या अध्यायात आहे. म्हणजे रूथवर झालेली कृपा ही एका माणसाने आज्ञा मनापासून पाळल्यामुळे तिच्यापर्यंत पोहोचलेली होती. हे लक्षात आल्यावर रेशनच्या दुकानातला प्रामाणिक माणूस, रात्रपाळीतली परिचारिका किंवा वेळेवर पगार देणारा मालक यांच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते.

रात्रीची वही

हाच क्रम रोज रात्री पाळावा. वसईच्या कॅथलिक घरांत संध्याकाळच्या रोजरीनंतर, इतर घरांत कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी, आणि एकट्या राहणाऱ्याने झोपण्यापूर्वी पाळला तरी चालेल. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती लोयोला यांनी 16 व्या शतकात दैनंदिन आत्मपरीक्षणाची जी पद्धत घालून दिली, तिचे पाच टप्पे आहेत आणि पापांचा विचार त्यांत दुसऱ्या टप्प्यापासून सुरू होतो. पहिला टप्पा देवाने केलेल्या उपकारांबद्दल आभार मानण्याचा आहे. प्रॉटेस्टंट वाचकांनीही ही मांडणी अवश्य वापरावी. दिवसाची उजळणी जर चुकांपासून सुरू केली तर मन स्वतःभोवतीच फिरत राहते. उपकारांपासून सुरू केली तर चुकाही प्रेमळ पित्यासमोर कबूल केल्यासारख्या कबूल होतात.

शांत बसून सकाळपासून आतापर्यंतचा दिवस तास-तास करून डोळ्यांसमोर आणावा. घाई करू नये. उठलो तेव्हा घरात कोण होते, पहिला फोन कोणाचा आला, दुपारी कोणाबरोबर जेवलो, कोणत्या वेळी राग आला आणि तो कशाने ओसरला, हे आठवत जावे. मग दोन किंवा तीन नोंदी लिहाव्यात, जास्त नकोत. नोंद करताना नेमके लिहिणे फार महत्त्वाचे आहे. ‘आजच्या दिवसाबद्दल प्रभूचे आभार’ अशी नोंद काही कामाची नाही, कारण महिनाभरानंतर ती वाचून काहीच आठवत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘बाबांना तपासणीसाठी नेले. रांग मोठी होती. पुढच्या अनोळखी बाईंनी बाबांचे पाय थरथरताना पाहिले आणि स्वतःची खुर्ची दिली. बाबा हसले, आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच.’ या नोंदीत वस्तू आहे, माणूस आहे आणि तिच्यामुळे घरात काय बदलले तेही आहे. प्रत्येक नोंदीपुढे ती कोणाच्या हातून आली ते नाव लिहावे आणि त्या व्यक्तीचे आभार मानून झाले की तेथे खूण करावी. नाव माहीत नसेल तर ‘खुर्ची देणाऱ्या बाई’ एवढेही पुरे. त्यांच्यासाठी प्रार्थना करता येते.

घडलेल्या गोष्टींप्रमाणेच न घडलेल्या गोष्टीही लिहाव्यात. जिभेवर आलेले कठोर वाक्य गिळले गेले, ज्याच्याशी वाकडे होते त्याचा निरोप आल्यावर मन कडू झाले नाही, जुन्या मोहाची वेळ आली आणि टळली, यांकडे आपले लक्ष जात नाही, कारण बाहेरून काहीच दिसत नाही. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आत्म्याचे फळ म्हणून जी यादी दिली आहे तिच्यात प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, सौम्यता, इंद्रियदमन अशा गोष्टी आहेत; मालमत्ता किंवा पद यांचा तिच्यात उल्लेखही नाही. स्वभावात झालेला लहानसा बदल ही कृपेची सर्वांत खात्रीची खूण आहे, असे माझे मत आहे, कारण तो आपल्या बळावर होत नाही हे आपल्यापेक्षा आपल्या घरच्यांना अधिक चांगले ठाऊक असते.

लहान मुले घरात असतील तर त्यांना जेवताना नामीचा प्रश्न विचारावा: आज तुला कोणी काय दिले, आणि तू कोणाला काय दिलेस? मुले आश्चर्य वाटावे इतकी बारीक उत्तरे देतात. खोडरबर दिलेल्या मित्राचे नावही प्रार्थनेत घ्यावे.

खरी खूण आणि भास

प्रत्येक यशावर देवाच्या नावाची मोहर उमटवू नये. कार्यालयात टेबलाखालून पैसे देऊन काम झाले आणि घरी येऊन ‘प्रभूने दार उघडले’ असे सांगितले, तर ते देवाचे नाव व्यर्थ घेणे आहे. खोट्या कागदाने मिळालेला दाखला, भावाच्या हिश्श्यावर डोळा ठेवून मिळालेली जमीन, दुसऱ्याच्या बदनामीवर मिळालेली बढती यांनाही तोच न्याय लागू आहे. 73 व्या स्तोत्रात आसाफाने दुष्टांची भरभराट पाहून आपले पाय घसरता घसरता राहिले असे लिहिले आहे. भरभराट ही कृपेची खूण असती तर त्याला ते स्तोत्र लिहावेच लागले नसते. त्याचे डोळे देवाच्या पवित्रस्थानात गेल्यावर उघडले, आणि तेथे त्याला जे मिळाले त्याचे वर्णन तो, देवाजवळ जाणे यातच माझे कल्याण आहे, असे करतो.

एखादी गोष्ट देवाच्या हातून आली काय असा संभ्रम पडला तर ती मिळाल्यानंतर आपण कसे झालो ते पाहावे. मिळालेल्या गोष्टीमुळे आपण देवाच्या आणि माणसांच्या अधिक जवळ गेलो, हात सैल झाला, गुडघे टेकावेसे वाटले, तर शंका घेऊ नये. उलट मान ताठ झाली आणि गरीब नातेवाईक नकोसे वाटू लागले तर ती गोष्ट मुळात चांगली असूनही आपण तिचे काहीतरी भलतेच केले आहे असे समजावे. शास्त्रातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 8 व्या अध्यायात मोशेने हीच भीती व्यक्त केली आहे: पोट भरल्यावर आणि चांगली घरे बांधल्यावर, ही संपत्ती माझ्याच हातांच्या बळाने मिळाली, असे इस्राएल म्हणेल.

चिन्हे मागण्याच्या सवयीपासून सावध राहावे. देवाकडून खूण मिळावी म्हणून गिदोनाने लोकर खळ्यात ठेवली ती एका बुजऱ्या माणसाची कथा आहे आणि देवाने त्याला सांभाळून घेतले, एवढेच तिच्यातून घ्यावे. आपल्याकडे नवीन वर्षाच्या उपासनेत वचनाचे कार्ड उचलण्याची प्रथा पुष्कळ मंडळ्यांत आहे, आणि ती सुंदर आहे. ते वचन पाठ करावे, आरशाजवळ लावावे, त्याच्यावर मनन करावे. परंतु ‘या वर्षी मला विजयाचे वचन आले, म्हणजे कोर्टाचा निकाल माझ्याच बाजूने लागणार’, असे म्हणू लागलो की आपण त्या वचनाचे वर्षभविष्य करून टाकतो.

दार बंद झाले तर

नकाराच्या आणि दुःखाच्या काळात ही वही कशी चालवावी, हा या विषयातील सर्वांत नाजूक भाग आहे. पौलाने आपल्या शरीरातील काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली आणि, माझी कृपा तुला पुरे आहे, असे उत्तर त्याला मिळाले. काटा राहिला. कृपा हे काटा निघाल्यानंतर मिळणारे बक्षीस आहे, असे त्या उत्तरात कोठेही नाही. काटा रुतलेला असतानाच ती पुरेशी होती.

तरीही शोकाच्या पहिल्या दिवसांत स्वतःवर जबरदस्ती करून आभाराच्या नोंदी लिहू नयेत. त्या काळात स्तोत्रसंहितेतली विलापाची स्तोत्रे वाचावीत, वहीत केवळ दिनांक आणि ‘आज रडले’ एवढेच लिहावे, आणि देवाला तेही चालते हे जाणून झोपावे. भेटीला येणाऱ्यांनी तर फारच जपून बोलावे. ईयोबाचे मित्र अलीफज, बिल्दद आणि सोफर प्रथम सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ठीक होते; बोलू लागले आणि त्याच्या दुःखामागचे कारण सांगू लागले, तेव्हा अखेर देवाचा राग त्यांच्यावर भडकला. ज्या घरात माणूस गेले आहे तेथे ‘यातही प्रभूची काही योजना असेल’ असे सांगण्यापेक्षा चहा करून द्यावा, भांडी घासून द्यावीत, बँकेचे आणि दाखल्याचे कागद भरून द्यावेत. त्या घराच्या वहीत उद्या हीच नोंद कृपादृष्टी म्हणून लिहिली जाईल.

काही गोष्टींचा अर्थ पुष्कळ वर्षांनी लागतो. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली, पुढे भाऊ गेला, आणि 1882 मध्ये, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत, पती गेले. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुली आणि विधवा यांना त्या केडगावला घेऊन आल्या, तेव्हा भूक आणि निराधारपण म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. देवाने त्यांचे आईवडील यासाठीच नेले असे म्हणण्याचे धाडस आपण करू नये. तसे कोणीही म्हणू नये. एवढे मात्र दिसते की त्यांच्या त्या दुःखातली कोणतीही गोष्ट देवाने वाया जाऊ दिली नाही, आणि शेकडो मुलींना त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये भाकरी आणि अक्षर मिळाले. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये वारली आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर पूर्ण करून त्या स्वतः 5 एप्रिल 1922 रोजी प्रभूकडे गेल्या. शेवटच्या वर्षातही त्यांच्या वाट्याला शोक आला आणि हातातले कामही तडीस गेले. या दोन्ही गोष्टी एकाच जीवनात एकत्र राहू शकतात, हे आपण त्यांच्याकडून शिकावे.

साक्ष सांगताना

ओळखलेली कृपा सांगितली पाहिजे. शुद्ध झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच परत आला, तोही शोमरोनी, आणि बाकीचे नऊ कोठे आहेत असे प्रभूने विचारले. पण साक्ष ऐकणाऱ्यांत कोण बसले आहे याचे भान ठेवावे. 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर मंडळ्या पुन्हा भरू लागल्या, तेव्हा ‘प्रभूच्या विशेष कृपेने आमच्या घरातले सर्व वाचले’ अशा साक्षी अनेक ठिकाणी झाल्या. त्या मनापासूनच्या होत्या. परंतु त्याच बाकांवर अशा बहिणीही बसलेल्या होत्या ज्यांचे पती तितक्याच प्रार्थना होऊन गेले होते, आणि ‘विशेष’ या शब्दातून त्यांना काय ऐकू आले असेल याची कल्पना करवत नाही. शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा लोक यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होते असे समजू नका, असे प्रभूने सांगितले आहे. वाचलेल्यांनाही तोच न्याय लावावा: आपण वाचलो ते अधिक लाडके होतो म्हणून वाचलो, असे सुचवू नये. ‘आम्ही घाबरलो होतो, शेजाऱ्यांनी रोज दारात डबा ठेवला, त्या डब्यात आम्हांला प्रभू दिसला’, असे सांगितले तर विधवाही त्या साक्षीला मनापासून आमेन म्हणू शकते.

साक्ष शब्दांनीच द्यावी असेही नाही. हंगामाच्या सणाला गावाकडच्या मंडळ्यांत वेदीसमोर ज्वारीची कणसे, ऊस, भोपळे, अंड्यांची टोपली, पाय बांधलेला कोंबडा असे सारे मांडलेले असते आणि उपासनेनंतर लिलाव पुकारला जातो. एखादा भोपळा कोणीतरी चढ्या बोलीने घेतो आणि घरी न नेता पुन्हा टेबलावर ठेवतो. तो दुसरा घेतो, तोही परत ठेवतो, आणि मंडळीच्या दानात भर पडत जाते. लुस्त्र येथे पौल आणि बर्णबा यांनी लोकांना सांगितले की आकाशापासून पाऊस आणि फलदायक ऋतू देऊन देवाने स्वतःविषयी साक्ष दिली आहे. ज्या शेतकऱ्याने तो भोपळा आणला त्याने ती साक्ष ओळखली, आणि बोली लावणाऱ्या प्रत्येकाने ती पुढे दिली. शहरात राहणाऱ्यांनी उपकारस्तुतीच्या दानाच्या पाकिटावर कारण लिहिताना नुसते ‘वाढदिवस’ न लिहिता वहीतली एखादी नेमकी नोंद लिहावी. पाळकांनी ती वाचून दाखवली तर मंडळीलाही पाहण्याची दृष्टी येते.

वर्षाअखेरीस

31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला जाण्यापूर्वी वही पहिल्या पानापासून वाचावी. शमुवेलाने मिस्पा आणि शेन यांच्यामध्ये धोंडा उभा करून त्याला एबन-एजर (साहाय्याचा धोंडा) नाव दिले आणि, येथवर परमेश्वराने आम्हांला साहाय्य केले आहे, असे म्हटले. तेच काम ही वही आपल्यासाठी करते. वाचताना कोणते नाव वारंवार आले आहे ते पाहावे. पुष्कळदा ते नाव पतीचे, पत्नीचे किंवा घरकामाला येणाऱ्या ताईंचे असते, आणि वर्षभर आपण त्यांना तसे एकदाही सांगितलेले नसते. ज्या महिन्यांची पाने कोरी राहिली असतील त्यांच्याविषयी अपराधी वाटून घेऊ नये. त्या महिन्यांत काय चालले होते ते आता आठवावे, कारण काही नोंदी उशिरानेच लिहिता येतात, आणि त्या उशिराने लिहिल्या तरी चालतात. मग आणखी एकदा सर्व नावांवरून बोट फिरवावे, ज्यांच्यापुढे आभाराची खूण झालेली नाही अशी नावे वेगळी काढावीत आणि त्यांना त्याच संध्याकाळी फोन करावा. जे आता हयात नाहीत त्यांच्या मुलाबाळांना करावा, आणि त्यांच्या आईने किंवा वडिलांनी आपल्यासाठी काय केले होते ते त्यांना सविस्तर सांगावे.